‘दिसतंय’ म्हटल्याशिवाय पेडल नाही

डॉ. मन्मथ सरांशी माझी ओळख नांदेडला झाली. बिघडलेल्या ठोक्यांवर उपचार करताना सर मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेत. पहिल्या दिवशी हृदयाच्या सोनोग्राफीचं काम माझ्याकडे होतं; तिचा पडदा घेऊन मी कोपऱ्यात बसले होते. सरांनी माझी खुर्ची स्वतः शेजारी ओढली. "नळीचं टोक कुठं टेकलंय ते तुम्ही बघायचं. तुम्ही ‘दिसतंय’ म्हणाल तेव्हाच माझा पाय पेडलवर जाईल." पेडल दाबलं की टोक तापतं आणि बिघाडाची जागा जाळली जाते. एवढ्या ज्येष्ठ माणसाला अडवणं मला जमेल का, ही शंका मला बरेच दिवस होती.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळची सुरेखा टँकरच्या रांगेत चक्कर येऊन पडली. ती गरोदर होती; तिला आमच्याकडे आणलं. ठोके धावत सुटलेले, औषधांना दाद नाही, हृदय थकत चाललेलं. एरवी अशा वेळी एक्स-रेची मदत घेतात. बाळासाठी सरांनी तो वर्ज्य केला.

सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, मला सून बी पाहिजे अन् लेकरू बी."

"आजी, लई महाग सौदा करून राहिलात!"

"मग? अर्ध्यावर सोडायला आले न्हाई मी."

त्या दिवशी एक्स-रेपासून बचावासाठी घालायचे शिशाचे एप्रन खुंटीवरच राहिले. हृदयात सोडलेल्या सोनोग्राफीच्या नळीतून दिसेल तेवढाच आमचा आधार. हृदयातल्या विजेच्या लहरींच्या नकाशानं बिघाडाची जागा दाखवली. सरांनी विचारलं, "दिसतंय का?"

टोक धूसर होतं. रक्तदाब उतरत होता, सगळे माझ्याकडे बघत होते. बहुधा तेच असावं, असं मनात आलं. पण बहुधा म्हणजे दिसणं नव्हे.

"नाही, सर."

सरांनी पाय मागे घेतला. कपाळावर आठीसुद्धा नाही. "मग दिसेपर्यंत थांबू." त्यांनी सोनोग्राफीची नळी अलगद वळवली. पडद्यावर हृदयाची भिंत उजळली, तिला टेकलेलं टोक लख्ख उमटलं.

"दिसतंय!"

पेडल दाबलं गेलं. धावणारे ठोके एकाएकी सावकाश, एका लयीत पडू लागले. पाठोपाठ बाळाचे ठोकेही तपासले; तेही छान होते. सर स्वतः बाहेर गेले. "आजी, सौदा पूर्ण."

सुरेखाचा मुलगा आता शाळेत जातो. सरांच्या साठाव्या वाढदिवसाचं कळताच आजी माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला जाऊन आल्या आणि त्यांनी मला बजावलं, "नातवाच्या लग्नात अक्षता टाकायला डाक्टर धडधाकट पाहिजेत. सांगा त्यास्नी."

सर, निरोप पोचवला. हा सौदाही आपण अर्ध्यावर सोडू नये, एवढीच आम्हा सर्वांची इच्छा.