दर्यापूरवर थांबलेलं विमान

आमच्या वऱ्हाडात त्या वर्षांत पोरींच्या बापांचा एकच नियम होता: नवरदेवाकडे शेत पाहिजे, पण नवरदेव शेतात नको. मी अकोल्यात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांसोबत शेतात राबायचो, म्हणजे अर्धा नकार घेऊनच फिरायचो. दर्यापूरकडचं एक चांगलं स्थळ आलं, तेव्हा माझ्या मामानं परस्पर सांगून टाकलं, "पोरगं विमान चालवते."

बरं, साफ खोटं तरी कसं म्हणावं? चालवत होतोच. क्लास सुटला की कॉम्प्युटरवर विमान उडवायचा तो प्रोग्राम लावायचा आणि जगभर हिंडायचं. एसटीत खिडकी मिळायची मारामार, इथं सगळं कॉकपिट माझं!

तेवढ्यात अमरावतीत छंदवाल्यांचं प्रदर्शन निघालं. एका बाजूला बोन्सायवाले, दुसऱ्या बाजूला काडेपेट्या जमवणारे रिटायर्ड गुरुजी आणि मधे मी, माझा कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक. मामा म्हणाला, "पाहुण्यायले तिथंच बोलावतो. पोहे खाताना काय पाहायचं? विमान चालवताना पाहू दे." घ्या! आमचे कांदेपोहे थेट धावपट्टीवर.

पाहुणे आले: मुलगी, तिची आई आणि टोपीतले वडील. मुलीनं कुंडीतल्या वडाकडे पाहून "बिच्चारं झाड" म्हटलं आणि माझं काम झालं. आवडली मला, त्यात लाजायचं काय? आता विमान तेवढं नीट उतरवलं की जमलंच, असं मी धरून चाललो.

अकोल्याहून उडालो. मूर्तिजापूर मागं पडलं. मुलीचे वडील माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे. अमरावतीची धावपट्टी समोर आली, चाकं सोडली, आणि लाईन गेली. लोडशेडिंगचं टाइमटेबल पाहायचं मीच विसरलो होतो. यूपीएस थोडा कोकलला आणि त्यानं मान टाकली.

काळ्या पडद्याकडे पाहत वडील ओरडले, "अरे बाप्पा! आतल्या लोकायचं काय झालं?"

मला आधी उमजेचना. मग ध्यानात आलं. त्यांना वाटत होतं, वर आभाळात खरंच विमान आहे आणि मी ते इथून हाकतोय.

"काका, आत कोणी नव्हतं," मी म्हटलं. "विमानबी नव्हतं."

मुलगी खुदकन हसली. मामाला अचानक बोन्सायची गोडी लागली, तो तिकडे सटकला.

"मंग तुमी करता काय?"

"क्लासात शिकवतो. सुट्टीच्या दिवशी शेती."

"हं," ते म्हणाले. तो हं माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

पण त्यांची बस संध्याकाळची. लाईन आली तेव्हा पाहुणे तिथंच होते. मुलगीच म्हणाली, "आमच्या गावावरून न्या ना." म्हटलं, चला, जाताजाता एवढं तरी. दर्यापूरवर आलो. आता प्रोग्राम बनवणाऱ्यांना आमची काळी जमीन काय माहीत! त्यांनी कुठल्यातरी विलायती कुरणाचा रंग सगळ्या वऱ्हाडावर ओतून ठेवला होता. बाहेर दुबार पेरणीसुद्धा करपलेली आणि पडद्यावर नुसतं हिरवंगार.

"हे आपलंच शिवार हाय काय?"

"हो काका."

"थांबवता येते?"

मी बटण दाबलं. विमान हवेत थांबलं. वडील खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले आणि टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. मागं रांग लागली, गुरुजी खाकरले, तरी ते हलले नाहीत.

"असं असतं ना भाऊ," ते शेवटी म्हणाले, "तं पोरगी शेतकऱ्याच्याच घरी देल्ली असती. तुमी माणूस चांगले आहा." टोपी घातली आणि पोरीला म्हणाले, "चाल."

ती निघाली. दारात एकदा वळून तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं की नाही ते काही समजलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि राग कोणावर काढावा तेही कळेना.

"भाऊ," रांगेतला पुढचा माणूस खुर्चीवर बसत म्हणाला, "आमचं बार्शीटाकळी दाखवता काय?"

मी म्हटलं, लंडन दाखवतो, न्यूयॉर्क दाखवतो. त्याला बार्शीटाकळीच पाहिजे होतं. त्याच्या मागच्यालाही आपलंच गाव पाहिजे होतं.