गाडी थरथरते की हात

भीमेच्या पुलावर दोन स्लॅबच्या मधे एक सांधा आहे. त्यावर पुढचं चाक आपटलं आणि जीपचं स्टेरिंग माझ्या हातातून निसटायला लागलं. नुसतं थरथरणं नव्हे. बुजलेल्या बैलानं कासरा हिसकावा तसे डावीकडं-उजवीकडं हिसके. जीपचं तोंड कठड्याकडं वळायला लागलं. शेजारी बायको होती, मांडीवर मेथीच्या जुड्या. मी ब्रेक मारला नाही, नुसता ॲक्सिलेटरवरचा पाय काढला. वेग उतरला तशी गाडी गरीब झाली. मागचा टेम्पोवाला हॉर्न दाबत, शिव्या घालत पुढं गेला. खाली पडलेल्या जुड्या बायकोनं उचलल्या आणि परत मांडीवर घेतल्या.

टेम्पोवाला निघाला आमच्याच वडगाव रासाईचा. दौंडच्या बाजारातून आम्ही परत येईपर्यंत पुलावरची बातमी गावात पोचली होती, आणि तिथून कारेगावला पोराच्या कानावर. पोरगा तिकडं कंपनीत आहे, खोली घेऊन राहतो, सुट्टीला मळ्यात येतो. ही जीप त्याच्या जन्माच्या आधीपासून माझ्याकडं आहे. मळ्यातली भाजी तीच बाजारात नेते आणि तिच्या स्टेरिंगवर मी बसतो. दुसरं कुणी नाही.

पोरानं सुट्टीला येऊन जीप कारेगावच्या गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीनं ती लिफ्टवर उचलली, लोंबती चाकं धरून हलवून बघितली, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट कॉम्प्युटरवर लावलं. पोरगा ती घेऊन परत आला तो अंगणात उभा राहूनच बोलला.

"आबा, मिस्त्री म्हनला गाडीत काय बी न्हाई. आन् मी बी चालवत आणली, जरा सुदिक हलली न्हाई. थरथरत्यात ते तुमचं हात."

"सांध्यावरनं कितीनं आणलीस?"

"तीस-पस्तीस."

"मग बैलगाडीच जुपायची व्हती. पन्नासनं आण आन् मग बोल."

"मराया न्हाई गेलो मी!" तो आईकडं वळला. "आये, तू शेजारी व्हतीस. खरं सांग. गाडी हलत व्हती का हात?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं ध्यान जुड्यांकडं व्हतं."

पोरानं चावी तिच्या सुपात टाकली. "ही तुझ्यापाशी ठेव. ह्यांना द्यायची न्हाई. पुढल्या सुट्टीला जीपला गिऱ्हाईक घिऊनच येतो."

तिनं चावी उचलली आणि कनवटीला लावली. मी त्या दिवशी जेवलो नाही. चावी गेली त्याचा राग होताच, पण ती बोलली नाही त्याचा जास्त होता.

सकाळी पोरगा गेल्यावर तिला म्हटलं, "चावी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. नुसती स्टेरिंगवर बस."

"अवं, मला काय येतंय त्यातलं?"

"जात्याचा खुंटा धरल्यावाणी धर आन् हलव. जरा इकडं, जरा तिकडं."

या जीपचं स्टेरिंग फिरवायला चावी लागत नाही. मी पोतं अंथरून खाली सरकलो. चाकं जमिनीवरच ठेवली, जॅक लावला नाही. रोग भार असताना येतो, तर तपासायचा पण भार असतानाच. ती वरून हलवत होती आणि मी एकेका सांध्यावर पंजा ठेवत होतो. चाकं वळवणाऱ्या टायरॉडचं टोक, घट्ट. दुसरं टोक, घट्ट. सगळंच घट्ट निघालं तर मग काय उरतं, हे मला कळत होतं.

"थांबू का?"

"न्हाई! हलव!"

डाव्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, कानावर हात ठेवला. तिथं पाटा चेसीला बोल्टानं जोडलेला असतो, मधे रबरी बूश. ती हलवायची आणि चाक वळायच्या आधी अख्खा ॲक्सल बोटभर बाजूला सरकायचा. बुशाचं रबर झिजून भुगा झालं होतं. लिफ्टवर चाकं लोंबकळली की ते दिसत नाही, यात मिस्त्रीला बोल लावत नाही. मी खालूनच ओरडलो, "सापडलं!"

पोराला फोन केला. सुट्टीला तो गिऱ्हाइकाऐवजी मिस्त्रीला घेऊन आला. दोन्ही पाट्यांना नवे बूश बसवले. मग मी बायकोपुढं हात पसरला. तिनं पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि चावी दिली.

पोरगा शेजारी बसला. पुलावर मी पन्नास धरले. सांधा जवळ आला तसा त्यानं पुढचा दांडा आवळून धरला. धाडकन चाक आपटलं. स्टेरिंग जागचं हललं नाही.

"आबा," तो म्हणाला, "गाडीच व्हती."

"मग? सांगत काय व्हतो?"

मी जिंकलो होतो. पण स्टेरिंग शांत झालं तेव्हाच त्याच्यावरचा माझा डावा हात मला दिसला. मनगटापासून बारीक हलत होता. पोरगा नदीकडं बघत होता.

घरी आल्यावर बायकोनं चहा दिला. कप अर्धा. नीट आठवलं तर कित्येक महिने अर्धाच येत होता. मला वाटायचं दूध पुरवून वापरते.

"भरून दे."

"सांडंल."

"सांडू दे. भर."

तोंडाशी नेईपर्यंत बशीत सांडला. तिनं तिकडं बघायचं टाळलं.

"पुलावर तुला दिसलं व्हतं?"

"दोन्ही दिसलं. गाडी बी आन् हात बी."

"मग पोराला का न्हाई बोललीस?"

"नुसतं गाडी म्हनलं असतं तर खोटं झालं असतं. दोन्ही म्हनलं असतं तर त्यानं हातच ऐकलं असतं."

मी चावी तिच्यापुढं ठेवली. "रोज सकाळी कप भरून द्यायचा. न्हाई सांडला तर चावी द्यायची. सांडला तर मी किती बी भांडलो तरी द्यायची न्हाई."

तेव्हापासून तेच चाललंय. बहुतेक सकाळी चावी मिळते. गेल्या बाजारी सांडला. मी म्हटलं कप गरम होता. तिनं चावी सुट्टीवर आलेल्या पोराच्या हातात दिली. मी मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन शेजारी बसलो आणि वाटभर त्याच्या चुका काढल्या. पूल आला तसं म्हटलं, "आता पन्नासनं घे."

त्यानं घेतली.