पाडव्याचं ताट

सुमेधचा फोन आला तेव्हा मी वणीजवळच्या राजूरला, कोळशाच्या डेपोच्या फाटकावर कामावर उभा होतो. "काका, जेवन झालं काय?" त्याने विचारलं. आमच्याकडे काहीही सांगायच्या आधी हे विचारतात. मी झालं म्हणालो. मग तो म्हणाला, "बाबा गेले."

सकाळी मालकांच्या गोठ्यात कडबा टाकताना उत्तमच्या, म्हणजे सुमेधच्या बाबांच्या, छातीत कळ आली. मालकांनी स्वतःच्या गाडीत घालून यवतमाळला नेलं, पण दवाखाना यायच्या आधीच... मी पोचलो तेव्हा मालक अंगणात बसून रडत होते, अगदी खरं रडत होते. मला त्यांचा राग यावा असं फार वाटत होतं. तो काही येईना, म्हणून मी स्वतःवरच चिडलो.

उत्तम आणि मी बाभुळगावजवळच्या एकाच गावचे, एकाच वस्तीतले, शाळेत एकाच बाकावरचे. मी गाव सोडलं, तो मालकांकडे सालगडी राहिला. सालगडी म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला गडी. पाडव्याला साल सुरू, पुढच्या पाडव्याला संपलं. मधे बैलांना सुटी नाही म्हणून यालाही नाही. रोजमजुरीची माणसं दुपारी घरी जात आणि वर्षाकाठी त्याच्यापेक्षा जास्त कमवत, हे त्यालाही कळत होतं. जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा तो बैलांना पाणी दाखवून, पार शेवटी धापा टाकत यायचा. आम्ही बौद्ध, आमच्या वस्तीत गुढी उभारत नाहीत. पण पाडव्याचा धसका उत्तमइतका कोणी घेतला नसेल. कारण गावात एक रीत होती. पाडव्याला गडी ज्याच्या घरी जेवला, त्याच्याकडे त्याचं साल. बोलणी आधी काहीही झालेली असोत, घास पोटात गेला की विषय संपला. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, आणि कोणी मोडल्याचंही ऐकिवात नव्हतं.

त्याचं ताट वेगळं असायचं. स्टीलचं, काठाला पोचा पडलेलं, गोठ्याच्या देवळीत पालथं घातलेलं. स्वतः घासायचा, स्वतः ठेवायचा. मी एकदा खवचटपणे विचारलं, "अजून वेगळं ताट काहून?" तर म्हणाला, "बाई म्हनते आत बसून जेव. मलेच आत घास उतरत नाही गा." बाई म्हणजे मालकांची आई. तिचा उत्तमवर जीव होता, हे मला कबूल करावंच लागतं.

सुमेध शाळेत जायला लागला त्या सुमारास मी डेपोच्या ठेकेदाराला गळ घालून उत्तमसाठी फाटकावरची जागा मिळवली. महिन्याच्या महिन्याला पगार, आठ तास काम, आठवड्याला सुटी. उत्तमने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सुटीच्या दिवशी मानसानं करावं काय?" मी कपाळावर हात मारला. त्याची बायको शांता मात्र हसत सुटली. "झोपजो! मी उठवत नाही तुले," ती म्हणाली. इतकी मोकळी हसताना मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. तिने वणीच्या शाळेची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

पाडव्याच्या सकाळी आम्ही सामान घेऊन फाट्यावर गाडीची वाट पाहत होतो. भांड्यांचं पोतं, गोधड्यांचं गाठोडं, त्यावर बसलेला सुमेध. उत्तम तेवढा बैलांची दावी मालकांच्या हातात द्यायला गेला होता. गाडी आली, थांबली, निघूनही गेली... मग उत्तम आला. रिकाम्या हातांनी, पंच्याने तोंड पुसत. शांताने ते तोंड पुसणं पाहिलं आणि ती गाठोड्याशेजारी मटकन खाली बसली.

"जेवलो गा मी," तो मला म्हणाला. "बाई म्हने, जाता जाता दोन घास खाऊन जाय. तिनं ताट मांडूनच ठेवलं होतं. अर्धी पोळी खाल्ली, आन् मंग ध्यानात आलं."

मी रस्त्यातच ओरडलो, "अरे, कोणत्या कायद्यात लिहिलं आहे हे?"

"कायद्यात नाही गा. पोटात गेलं ना आता!"

बाईने मुद्दाम वाढलं की मायेने, ते मला आजही ठरवता येत नाही. उत्तमला तर तो प्रश्नच पडला नाही. शांताने पोतं उचललं, सुमेधचा हात धरला आणि ती पुढे चालू लागली. पुढच्या पाडव्यापर्यंत ठेकेदार थांबणार थोडाच होता? पुढे मालकांकडे ट्रॅक्टर आला, एक जोडी सोडून बैल विकले, बाईही गेली. गावातले बाकीचे सालगडी एकेक करून सुटले. उत्तम राहिला. दर पाडव्याला म्हणायचा, "औंदाचं साल शेवटचं." मी हो म्हणायचो.

मागच्या रविवारी मी शांताला भेटायला गेलो होतो. सुमेध घरीच होता. आयटीआय झालेला, काही महिने एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबलेला, काम संपलं तसा परत आलेला. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात मालकांचा ट्रॅक्टरवाला दारात आला. त्याच्या हातात उत्तमचं ताट होतं, लख्ख घासलेलं.

"मालकानं पाठवलं," तो म्हणाला. "आन् पाडव्याले सुमेधले जेवाले बलावलं हाय."

सुमेधने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुमच्याकडं काही हाय काय?"

"विचारतो," मी म्हणालो. डेपोतून माणसं कमी करायचं चाललं आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. तो पुन्हा ताटाकडे पाहू लागला.

शांता उठली. तिने ताट घेतलं, रांजणातल्या पाण्याने भरलं आणि अंगणात कोंबड्यांपुढे ठेवून दिलं. कोंबड्या लगेच जमल्या. एक तर पाय देऊन आतच उभी राहिली.

ट्रॅक्टरवाला गोंधळला. "मंग मालकाले काय सांगू?"

"ताट भेटलं म्हना," शांता म्हणाली.

ती आत गेली. तो सुमेधच्या तोंडाकडे पाहत तसाच दारात उभा राहिला. सुमेधने हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही...