लाल चिंधीची बाटली

जुन्या फटफटीचं वायरिंग करणाऱ्या दुकानात किश्शांना तोटा नसतो. नवी गाडी येते, पार्ट बदलून जाते. जुनी गाडी मात्र मालकाला घेऊन पुन्हा पुन्हा येते आणि दरवेळी काहीतरी सांगण्यासारखं ठेवून जाते. आमच्या शहागंजच्या दुकानात तर निम्मे किस्से एकट्या सांडूचेच! दुकान हमीदभाईंचं. मीटर ते बघायचे, वायरिंग मी.

सांडू पैठण रोडच्या आतल्या गावचा. दुष्काळात मेंढरं विकली आणि वाळूजला एका कंपनीत कंत्राटी कामाला लागला. शिफ्टला पोचायला गावातून बस नव्हती, सासऱ्याची जुनी फटफटी होती म्हणून नोकरी होती.

दुकानात नियम एकच. ॲसिड आणि बॅटरीचं पाणी, दोन्ही सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत, एकाच फळीवर. दिसायला दोन्ही सारखंच, म्हणून ॲसिडच्या बाटलीच्या गळ्यात लाल चिंधी. हमीदभाई गिऱ्हाइकालाही बजावायचे, "चिंधी देखे बगैर हाथ नक्को लगाओ."

*

सांडू पहिल्यांदा आला तो अँपिअर मीटरसाठी. सुई सारखी मायनसमध्ये, म्हणजे बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत होती. मी तुटलेली वायर शोधतोय तोवर यानं काचेवर बोटानं टकटक केलं. सुई उडून मधोमध बसली. झालं की, आता कशाला खोलता, म्हणाला!

हमीदभाईंनी चष्मा काढला. "सुई को क्या समझारा रे? बॅटरी को समझा!"

*

पुढच्या खेपेला कळलं की हा पहाटेच्या अंधारात हेडलाईट न लावता शिफ्टला जातो. त्या रोडवर पाण्याचे टँकर आणि कंपन्यांच्या बसेस सुसाट! माझ्या अंगावर काटा आला. का रे बाबा, तर म्हणे, "लाईट लावला की सुई मायनसला जाती. जीवाला लई घोर लागतो, म्हणून लावतच नाय."

*

मग हॉर्न गेला. हमीदभाईंनी भंगारातला ट्रकचा हॉर्न बसवून दिला. सांडूनं गावाच्या वेशीवर तो दाबला मात्र, अख्खं गाव हंडे-कळश्या घेऊन पळत आलं! टँकरचा आवाज हुबेहूब तसाच होता. बायका गाडीला वेढा घालून उभ्या राहिल्या, पाणी नाही म्हटल्यावर शिव्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी तो हॉर्न काढून आमच्या टेबलावर ठेवून गेला. त्यानंतर गाडीला हॉर्न नव्हताच.

*

पण खरी कमाल त्याच्या बायकोची, मथुराची. नणंदेला बघायला पाहुणे आले आणि टँकर आलेला नव्हता. हंड्यात तळाचा गाळ. घरात स्वच्छ पाणी होतं ते सांडूनं नेलेलं बॅटरीचं. तिनं त्याच पाण्याचा चहा टाकला! पाहुण्यांना चहा एवढा आवडला की लग्न तिथंच जमलं.

इकडे बॅटरी कोरडी पडली, गाडी रस्त्यात मेली आणि सांडूचा खाडा झाला. आणखी एक खाडा आणि नाव कट, असं मुकादमानं सांगितलं. आम्ही हसून हसून लोळलो. सांडू हसला नाही.

*

त्यानंतरचीच गोष्ट. सुट्टीच्या दिवशी स्पीडोमीटरसाठी सांडू गाडी ठेवून गेला. जाताना फळीवरून बिनचिंधीची बाटली उचलली आणि काळी-पिवळी जीपमध्ये बसला.

दुपारी स्पीडोमीटर जोडून झाल्यावर हमीदभाई त्याच्याच बॅटरीत पाणी भरायला उरलेली बाटली घेऊन वाकले आणि तसेच थांबले. स्पीडोमीटरची लोंबती केबल चाकात जाऊ नये म्हणून त्यांनीच सकाळी ती बांधून ठेवली होती. लाल चिंधीनं. ती अजून केबलवरच होती.

त्यांनी बाटलीतला थेंब शहाबादी फरशीवर टाकला. ॲसिड असतं तर फेस आला असता. आला नाही. म्हणजे ॲसिड सांडूच्या घरी गेलं होतं. त्या घरात पाणी नव्हतं, आणि मथुराचा चहा आम्हाला ठाऊक होता.

फोन लागेना. गावात लाईट नसली की मोबाईलही मेलेलेच. मी सांडूच्याच फटफटीला किक मारली. गुलमंडीच्या गर्दीत हॉर्न नाही म्हणून मागून हमीदभाई ओरडत होते, "हटो मियाँ, हटो!" त्या दिवशी गाडीचे सगळे मीटर पहिल्यांदाच बरोबर चालत होते आणि मला एकाकडेही बघवत नव्हतं. इतका घाबरलेला मी कधीच नव्हतो.

पोचलो तर चुलीवर चहा उकळत होता. सांडू टँकरची वाट बघायला वेशीवर गेलेला, लेकरं कप घेऊन बसलेली. हमीदभाईंनी धावत जाऊन पातेलं उलटं केलं!

चूल विझली. मथुरा त्यांच्याकडे नाही, जमिनीत जिरणाऱ्या चहाकडे बघत होती. मी कसंबसं बाटलीचं सांगितलं. ती उठली आणि देवाच्या कोनाड्यातून बाटली घेऊन आली. बूच तसंच होतं.

"ह्याच्यात ह्यांची नोकरी हाय," ती म्हणाली. "आता ह्याला कोण हात लावतंय?"

हमीदभाई उंबऱ्याशी मटकन बसले. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मथुरानं हंडा तिरका करून तळाचं पाणी तांब्यात काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "घ्या चाचा."

त्यांनी तांब्या घेतला. उंबऱ्याच्या शहाबादीवर एक थेंब टाकला, थोडं थांबले, आणि मग घटाघटा प्यायले.