प्रिंटरला लिहिलेली सोळा पत्रं

हसायचं असेल तर आताच हसून घ्या बाई, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी बाजू घ्यायला कुणाला जागाच नाही!

मी नांदेडच्या एका शाळेत ऑफिसचं काम बघते. माझा कॉम्प्युटर विंडोज सातवाला, एकदा बंद केला की चालू व्हायला अर्धा तास. म्हणून आम्ही तो बंदच करत नाही. आणि प्रिंटर कुठं? वरच्या मजल्यावर, हेडसरांच्या केबिनमध्ये. सरही जूनमध्ये नवीन आलेले, प्रिंटरही त्यांच्याबरोबरच आलेला. एक बोनाफाईड काढायचं तर पेन ड्राइव्ह घ्या, जिना चढा, सर फोनवर असले तर दारात उभ्या राहा. यात रोज साडेचार! आणि पाळणाघर सुटतं चारला. माझी तीन वर्षांची परी गेटच्या गजात नाक घालून वाट बघत असायची. ही मोठी झाल्यावर माझ्याबद्दल काय सांगेल, या विचारानं माझा घास उतरायचा नाही.

शेवटी सरांना विचारलं, "सर, माझ्या कॉम्प्युटरवरूनच प्रिंट निघाली तर चारला जाऊ का?"

"निघाली तर खुशाल जावा. पण त्या जुन्या डब्यावरून निघतीय होय!"

झालं! मला चेव चढला.

मुहूर्त कोणता गाठावा? खंडेनवमी! शिपाई विमलमावशींनी सकाळीच सगळ्या यंत्रांची पूजा केलेली, प्रिंटरला झेंडूचा हार. दुपारी सर घरी गेले. मावशी केबिनला कुलूप घालून खाली आल्या, तर मी कीबोर्ड बडवतेय.

"मॅडम, आज हत्याराला हात लावू नये. त्याला बी एक दिवस विसावा लागतो."

"मावशी, हे हत्यार न्हाई, कॉम्प्युटर हाय!"

शिकलेली ना मी!

मावशी गेल्या. मी देगलूरला धाकट्या भावाला फोन लावला. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे.

"अक्का, प्रिंटरचा आयपी नंबर टाकलीस?"

"टाकला. जुना ड्रायव्हर शोधून तोही घातला. पण प्रिंट दिली की 'प्रिंटिंग' म्हणतंय अन् गप बसतंय."

"प्रिंटरचा लाईट लागलाय का बघ."

धावत वर गेले, दाराच्या धुरकट काचेला डोळा लावला. हाराच्या आड पिवळा उजेड!

"लागलाय रे!"

"मग झोपलाय त्यो. पाठवत राहा, उठंल."

पाठवत राहिले. पहिल्या कागदावर शहाण्यासारखं लिहिलं, 'चाचणी एक'. जिना चढून बघावं तर प्रिंटर ढिम्म. चौथ्याला लिहिलं, 'दया कर रे बाबा.' नवव्याला, 'तू आल्यापासून या शाळेत कुणाला सुख नाही.' घड्याळात पावणेचार. तेराव्याला, 'तुझ्यापायी माझं लेकरू ताटकळतंय, तुला काळीज आहे का?' सोळावा काय लिहिला ते आठवेना. डोकंच ठिकाणावर नव्हतं. पर्स उचलली आणि पळाले.

दसऱ्याची सुट्टी संपवून शाळेत येते तर काय! सगळा स्टाफ सरांच्या केबिनमध्ये. सरांच्या हातात कागदांचा गठ्ठा, चेहरा पडलेला.

"माझ्याबद्दल एवढा राग असंल तर तोंडावर बोला. कुलूपबंद केबिनमध्ये घुसून अशा चिठ्ठ्या?"

मी हळूच विमलमावशींच्या मागं सरकले!

पीटीचे सर म्हणाले, "माझी रजा तुम्ही नाकारली हे खरं, पण लेकरू माझं नाही हो! माझं लग्न तरी झालंय का?"

तेवढ्यात विमलमावशींनी डोळ्याला पदर लावला. "सर, चावी माझ्यापाशीच हुती. पर म्या न्हाई वो! म्या तर पूजेला प्रिंटरचं बटन बंद करून वायर काढून ठिवली, त्याच्याम्होरं बॅटरीची पणती लावली अन् कुलूप घातलं. आत्ताच वायर लावून बटन दाबलं, तर ह्यो आपला आपणच कागद वकायला लागला!"

बॅटरीची पणती! म्हणजे भावाला मी ज्या लाईटची ग्वाही दिली तो...

आता गप्प बसले तर मावशींची नोकरी जायची. घसा खाकरला. "सर, ते मी लिहिलं. पण तुम्हाला नाही, प्रिंटरला! प्रिंट निघेचना म्हणून." आणि जुन्या कॉम्प्युटरपासून परीच्या नाकापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

स्टाफ हसून हसून लोळला. सरांचाही चेहरा सैल झाला. "म्हणजे त्या डब्यावरून प्रिंट निघाली म्हणा की! शब्द दिलाय, आजपासून चारला जावा."

मी सुटकेचा श्वास सोडला. वळले तर मागून आवाज आला.

"मॅडम, थांबा जरा." सरांनी सोळावा कागद वर धरला आणि दुसरा हात सावकाश आपल्या डोक्यावरून फिरवला. "बाकी सगळं पटलं. पण प्रिंटरला टक्कल कधीपासून पडलं?"

आता मी रोज चारच्या ठोक्याला निघते, देवाशप्पथ! फक्त मी खालून दिलेली प्रत्येक प्रिंट सर आधी स्वतः वाचतात, शेवटची ओळ दोनदा वाचतात, मगच खाली पाठवतात. बोनाफाईडसुद्धा!