पाठपोट

सुचेता गुर्जरने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्या आणि त्याची तिला कधी लाज वाटली नव्हती. एकाहत्तर साली डॉक्टर नवऱ्याच्या पाठोपाठ ती ग्लासगोला आली, तेव्हा बॅगेत गणिताची एम.एस्सी. होती आणि दोन वर्षं ती कुणी विचारली नाही. मग एका शाळेत लागली ती थेट साठीपर्यंत. पोरी तिला घाबरायच्या. ग्लासगोच्या पोरी कुणालाच घाबरत नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली कमाई कळेल. "चूक ती चूक. गोंजारून ती बरोबर होत नाही," असं ती म्हणायची आणि तांबड्या पेनाने फुली मारून मोकळी व्हायची.

नवरा गेला. मुलगा अपूर्व मिल्टन कीन्सला नोकरीला लागला आणि दर रविवारी फोनवर तब्येत विचारू लागला. तपासायला काही उरलं नाही, म्हणून सुचेताने एका लायब्ररीत मंगळवारचं बिनपगारी काम धरलं. तिथे एका बंद पडलेल्या व्हरायटी थिएटरची जुनी कागदपत्रं आली होती. त्यात मिस्टर लेंग नावाच्या मॅनेजरची १९०७ ते ०९ ची वही होती. ती टाइप करून काढायची, एवढंच काम.

त्या काळी एका खेळात आठ-नऊ नंबर असायचे. कसरतवाले, गाणाऱ्या बहिणी, कुत्र्यांचा खेळ, विनोदी गायक, जादूगार. दर सोमवारी नवे नंबर यायचे, आणि पहिला खेळ झाला की लेंग घड्याळ लावून टिपलेली मिनिटं आणि एकेक शेरा मालकांना कळवायचा. दुसऱ्या कुणाला ती वही रुक्ष वाटली असती. सुचेताला वाटलं, आपला सख्खा भाऊ भेटला. "दोन भगिनी, गाणं व नाच. ११ मिनिटं. थोरली गाते, धाकटी दात दाखवते." "कुत्र्यांचा खेळ. ९ मिनिटं. कुत्री उत्तम. मालक नसता तरी चाललं असतं." कोण कितव्या जागी, यातही त्याचं शास्त्र होतं. पहिल्या नंबराला कसरतवाले, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि कसरतीला ऐकावं लागत नाही. शेवटच्या नंबराला मुद्दाम पडेल माणूस, म्हणजे लोक आपोआप उठतात आणि पुढच्या खेळाला हॉल रिकामा मिळतो. अशा नावापुढे तो लिहायचा, "माणसं उठवायला बरा."

बहुतेक शेऱ्यांपुढे एक बारीक टी असायचा. तो कशाचा, असं सुचेताने लायब्ररीतल्या मॉरागला विचारलं. "टाइम्ड असेल. घड्याळ लावून बघितलं, असं," मॉराग म्हणाली. सुचेताला पटलं. प्रत्येक ओळीपुढे टी टाइप करत ती पुढे जात राहिली.

दोन हजार सहाच्या दिवाळीला महाराष्ट्र मंडळाने तिच्या गळ्यात कार्यक्रम घातला. आदल्या वर्षी तो चार तास लांबला होता, पुलाव गार झाला होता आणि हॉल ज्या शाळेचा तिथल्या केअरटेकरने दिवे घालवले होते. मंडळाचा सेक्रेटरी शशिधर मूळचा नागपूरचा, ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा. तो घरी येऊन म्हणाला, "काकू, कापायचं काम तुमचंच. आम्ही कुणाला कापलं तर भिशी बंद पडते."

"मी कापलं तर?"

"तुमच्याशी भांडायची कुणाची टाप आहे?"

सुचेताला हे आवडलं. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिने सगळ्यांना कम्युनिटी हॉलमध्ये बोलावलं आणि मांडीवर घड्याळ ठेवून एकेकाचं पाहिलं. प्रत्येकाला टाळ्या दिल्या, प्रत्येकाला "छान" म्हणाली. परतताना बसमध्ये बसून मात्र तिने कागदाच्या मागच्या बाजूला शेरे लिहिले. सीमा व मंडळी, समूहनृत्य, ७ मिनिटं: "पाच जणी नाचतात, सहावी मोजते." स्वाती, भावगीत: "आवाज बरा. पट्टी शेजारणीची." शशिधर, विनोदी प्रवेश: "विनोद सापडला नाही." लिहिताना ती एकटीच हसत होती.

शेवटी आला योना नवगावकर.

योना अलिबागकडचा, मराठी बोलणाऱ्या ज्यू घरातला. वय अठ्ठ्याहत्तर. ग्लासगोच्या बस गॅरेजमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून राबून निवृत्त झालेला. तो शनिवार पाळतो, त्या दिवशी येणार नाही, म्हणून मंडळाने वीस वर्षांपूर्वी कार्यक्रम शनिवारचा रविवारी नेला होता, इतका त्याचा मान. सुचेताशी या गावात पहिलं मराठी बोलली ती त्याची बायको. पोस्टाच्या रांगेत मागून आवाज आला होता, "अगं बाई, पुढे सरक की," आणि सुचेता त्या एलिझाबेथच्या गळ्यात पडून रडली होती.

योनाचा नंबर एकच: मुंबईहून निघणारी रेवसची लाँच. भोंगा, इंजिनाची तुकतुक, खलाशी, कोळीण, लाटेने पांढरा पडलेला मामलेदार, आणि टोपलीतून सुटलेल्या कोंबड्या, सगळं एकट्याच्या तोंडाने. एलिझाबेथ बाजूला पितळी घंटा घेऊन उभी राहायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या रविवारी कोंबड्या तीनदा सुटल्या. सुचेता खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत म्हणाली, "योनाभाऊ, अगदी पूर्वीसारखं." आणि बसमध्ये तिने लिहिलं: "लाँच. १४ मिनिटं. कोंबड्या तीनदा सुटतात. एकेकाळी चांगलं होतं. शेवटी ठेवा. माणसं जेवायला उठवायला बरं." लेंगने हे वाचून मान डोलावली असती, असंही तिला वाटलं.

पुढच्या बाजूला तिने कार्यक्रमपत्रिका लिहून काढली. शशिधरच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं फुटायची आणि सुचेताचं अक्षर छापल्यासारखं, त्यामुळे तिच्याच हातचा कागद झेरॉक्स करायचा ठरलं होतं. तिने तो त्याला दिला, मागे काय आहे याचा विचारही न करता.

कार्यक्रमाच्या दिवशी ती माइकची वायर तपासत होती, तेव्हा नऊवारीतली सीमा समोर येऊन उभी राहिली.

"काकू, सहावी म्हणजे मीच ना?"

"कसली सहावी?"

"मोजणारी."

सीमाच्या हातातला कागद उलटा होता. सुचेताने हॉलभर पाहिलं. प्रत्येक खुर्चीवर तोच कागद.

"शशिधर, हे काय केलंस?"

"काय काकू? दोन्ही बाजूंना लिहिलं होतं, म्हणून मी पाठपोट काढलं. तेवढाच कागद वाचला."

"मागचं वाचलंस?"

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." मग त्याने कागद उलटला आणि बोट फिरवत स्वतःच्या नावापाशी आला. "विनोद सापडला नाही," त्याने सावकाश वाचलं. "काकू, शोध चालू आहे, असं तरी लिहायचं."

यानंतर सुचेताने जे केलं ते शहाण्या माणसाने करू नये. ती माइकवर गेली आणि म्हणाली, "कागदात चूक झाली आहे, कृपया सगळ्यांनी परत द्यावेत." ज्या सव्वाशे माणसांनी तो कागद पंखा म्हणून हातात धरला होता, त्यांनी तो एकदम उलटला.

गणितवाली बाई. तिने लाजेचाही हिशेब मांडून पाहिला. इथे जन्मलेल्या पोरांना मराठी अक्षर वाचता येत नाही. त्यांच्या आयांपैकी निम्म्या इंग्लिश शाळेतल्या, हातचं लिहिलेलं बघून डोकं दुखतं म्हणणाऱ्या. म्हणजे वाचणारे फार तर तीस. त्यातले वीस जण हसतील, दहा जण रुसतील, रुसलेले संक्रांतीपर्यंत विसरतील. इथपर्यंत बेरीज जमली. मग तिची नजर पहिल्या रांगेत गेली. खलाशाची निळी टोपी मांडीवर ठेवून योना भिंगाच्या चष्म्यातून वाचत होता. मराठी शाळेत शिकलेला माणूस. हॉलमध्ये सगळ्यात नीट मराठी वाचायला त्यालाच येत होतं. वाचून झाल्यावर त्याने कागदाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. परत दिला नाही.

कार्यक्रम मिनिटाला मिनिट पार पडला. सीमाच्या नाचात सहाही जणी मोठ्याने मोजत नाचल्या आणि हॉल हसून लोळला. लोकांनी मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. सुचेताला ते हसणं कानाखाली बसल्यासारखं लागत होतं.

शेवटी योना आला. टोपी घातली, भोंगा दिला. दोर सुटला, इंजिन सुरू झालं. मग जिथे कोंबड्या यायच्या तिथे तो थांबला. एकदा बाजूला पाहिलं, जिथे कुणी नव्हतं. आणि खलाशाच्या आवाजात म्हणाला, "मंडळी, आज भरती चांगली, लाँच लवकर लागली. उतरा आणि जेवायला चला. आपल्याला आज तेवढंच काम दिलंय."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या आणि उठले. सवयीने सुचेताने घड्याळ पाहिलं. अडीच मिनिटं.

स्वाती पान वाढून घेऊन आली तेव्हा योना निघून गेला होता.

सोमवारी सुचेताने त्याला फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि तिने ठेवून दिला. अडुसष्ट वर्षांची बाई, चोरट्या पोरीसारखा फोन ठेवते. तिला स्वतःची किळस आली. 'मी खोटं काय लिहिलं?' हे तिने स्वतःला चारदा विचारून पाहिलं. काहीच खोटं नव्हतं. त्याने बरं वाटेना.

मंगळवारी ती वही उघडून बसली, कारण दुसरं करायचं काय? मार्च १९०८. विनोदी गायक, आठवा नंबर. "१३ मिनिटं. एकेकाळी चांगला होता. माणसं उठवायला बरा." जवळजवळ शब्द न् शब्द तिचाच शेरा. पण पुढे टी नव्हता. त्या जागी लेंगने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "टी बाकी. त्याची बायको आजारी आहे. उद्या दुपारी खोलीवर जाऊन सांगेन." आणि खाली दुसऱ्या शाईत, दुसऱ्या दिवशीची तारीख घालून, टी.

टी म्हणजे टोल्ड. सांगितलं.

म्हणजे तो मालकांना लिहायचा ते आधी त्या-त्या माणसाला तोंडावर सांगायचा. दात दाखवणाऱ्या धाकटीला. कुत्रेवाल्याला. सुचेताने शेरे तेवढे उचलले होते. टी मात्र चारशे वेळा टाइप करूनही तिला लागला नव्हता.

बुधवारी दुपारी ती बस पकडून योनाकडे गेली. दार त्यानेच उघडलं.

"या सुचेताबाई. परवाचा फोन तुमचाच ना?"

"हो."

"वाटलंच. बाकी फोन करणारे विमा तरी विकतात."

आत कोट न काढताच ती उभ्याउभ्या बोलली, कारण बसली असती तर जमलं नसतं. "योनाभाऊ, तुमचं चौदा मिनिटं चाललं. कोंबड्या तीनदा सुटल्या. पूर्वी चांगलं व्हायचं, आता होत नाही. म्हणून मी तुम्हाला शेवटी टाकलं. हे मी तुम्हाला त्याच दिवशी कम्युनिटी हॉलमध्ये सांगायला हवं होतं."

"तीनदा?"

"तीनदा."

"मला एकदाच वाटल्या." तो खुर्चीत बसला. "एलिझाबेथ घंटा वाजवायची ना, ती लोकांना वाटायचं लाँचची. ती माझ्यासाठी असायची. घंटा झाली की कोंबड्या बंद."

सुचेताला हे माहीत नव्हतं. वीस वर्षं तिने ती घंटा ऐकली होती.

"पुढच्या वर्षी मी वाजवते," ती म्हणाली.

"नको." तो रागावला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "चुकलो याचं काही नाही हो. म्हातारा माणूस चुकायचाच. पण तुम्ही उठून टाळ्या वाजवल्यात. अगदी पूर्वीसारखं, म्हणालात. मी घरी येऊन तिच्या फोटोला सांगितलं, सुचेताबाई म्हणाल्या पूर्वीसारखं झालं. सुचेताबाई खोटं बोलत नाहीत, म्हटलं."

त्याने चहा विचारला, तिने घेतला. चहा करताना तो तिला अलिबागकडच्या कुठल्याशा जत्रेचं काहीबाही सांगत राहिला, आणि लाँचचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना दारात म्हणाला, "संक्रांतीला या." म्हणाला, कारण तसं म्हणायचं असतं.

घरी येऊन तिने शशिधरने परत दिलेला मूळ कागद काढला, मागची बाजू वर केली आणि फोन जवळ ओढला. सीमाला सांगितलं, की तू मोजतेस ते ओठ हलतात म्हणून दिसतं, मनात मोज. सीमा म्हणाली, "काकू, हे आधी का नाही सांगितलंत?" स्वातीला पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्यायला सांगितलं, ती जराशी फुरंगटली. शशिधर म्हणाला, "मला परत नका सांगू, पाठ झालंय." तरी त्याला सांगितलं. एकेक झालं, की तिने नावापुढे बारीक 'सां' लिहिला.

शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं. त्या दुपारी ती सगळं बोलून आली होती, तोंडावर, उभ्याने. पण त्याने ते आधी कागदावर वाचलं होतं, सव्वाशे माणसांत बसून. वाचलेल्याला सांगितलं म्हणता येत नाही.

तिने पेनाला टोपण लावलं. योनाच्या नावापुढची जागा तशीच कोरी ठेवली.