मागच्या दाराचं कुलूप

ताईचा उजवा हात मनगटापासून पुढं आकसलेला आहे. बोटं एकमेकांना चिकटून तळव्याकडे वळलीत. खोपोलीजवळच्या एका कारखान्यात ती थिनरचे डबे भरायला होती. आग लागली तेव्हा पुढचं दार ज्वाळांनी अडवलं होतं आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकीची तापलेली जाळी हाताने उपटून ती बाहेर पडली. तिघी आतच राहिल्या. त्यातली एक कोंडाणे गावची, रोज ताईच्या शेजारी बसणारी.

ते कुलूप मालकानेच घालायला लावलं होतं, माल चोरीला जातो म्हणून. तो सुपरवायझरला हे सांगत होता तेव्हा ताई आणि ती कोंडाण्याची मैत्रीण तिथंच उभ्या होत्या. पुढं सुपरवायझरने जबाब फिरवला. मैत्रीण गेली होती. ऐकलेलं सांगणारी एकटी ताई उरली.

अटक व्हायच्या आत मालक परदेशात निघून गेला. काही वर्षांनी तिथल्या पोलिसांनी त्याला पकडलं. त्याला इकडे आणायचं तर आधी तिथल्या कोर्टाला पुरावा पटवावा लागतो. याला प्रत्यार्पण म्हणतात, हे मला तपास करणाऱ्या साहेबांनी समजावलं. मी दहिवलीला राहतो, शाळेत शिकवतो. ताई माझ्याकडेच असते, त्यामुळे कागदपत्रांचं सगळं मीच बघायचो.

प्रतिज्ञापत्रावर डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल, असं साहेब म्हणाले. ताई ऐकेना.

"अंगठा नाय. मी सातवीपातुर शिकल्ये. सही करीन."

मग महिनाभर मुलांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर ती डाव्या हाताने आपलं नाव गिरवत बसली. सही झाली, कागद गेले. तिकडून मालकाच्या वकिलांचं म्हणणं आलं, की कारखान्याच्या हजेरीपटावरची सही वेगळी आहे, ही बाई खोटी आहे. मग दवाखान्याचे कागद पाठवले, हाताचा फोटो पाठवला. फोटो काढताना ताईने आधी पदर सारखा केला. फोटोत फक्त हात येणार होता.

शेवटी व्हिडिओवरून तिची साक्ष घ्यायचं ठरलं. रोज सकाळी चहा पिताना मी वकील व्हायचो.

"कुलूप लावायला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. मी हितं हुते, तो तितं." ती कपबशी सरकवून अंतर दाखवायची.

"तुम्हाला चुकीचं ऐकू आलं नसेल कशावरून?"

"मशिनी बंद हुत्या. जेवणाची सुट्टी हुती." हे सांगताना तिचा आवाज कधी हलला नाही. मैत्रिणीचं नाव घ्यायची वेळ आली की मात्र ती थांबायची आणि पाणी प्यायची.

साहेबांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. "सर, माणूस गेला," ते म्हणाले. मालक जामिनावर होता. पासपोर्ट जमा होता, आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी होती. दोन आठवडे तो फिरकला नाही, म्हणून पोलीस गेले तर घर रिकामं. तिथल्या कोर्टाने आमचा अर्ज निकाली काढला. आणायला माणूसच नव्हता.

"आणि ताईची साक्ष?"

"आता कुठली साक्ष, सर. सापडला तर पुन्हा नव्याने सगळं."

खोटं कशाला लिहू, फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. ते फेरे, त्या झेरॉक्स, रोज सकाळची ती आग, सगळं संपलं. वर्गात गेलो, फळा पुसला आणि मग माझीच मला इतकी शरम वाटली, की मुलांकडे तोंड करवेना.

घरी आलो तर ताई परसात अळूला पाणी घालत होती. मी सांगितलं. तिने पाणी घालून संपवलं.

"पुन्यांदा पळाला?"

"हो."

"मंजे त्याला ठावं हाय, माझं खरं हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "आता कोंडाण्याला जाऊन तिच्या आईला सांगाय लागंल रं."

रविवारी आम्ही रिक्षाने कोंडाण्याला गेलो. मैत्रिणीची आई ओट्यावर बसली होती. ताईने तिला सगळं सांगितलं. म्हातारीने ताईचा वाकडा हात मांडीवर घेतला.

"तिकडं कोनी वाचलं तरी का गं, तू लिवलेलं?"

"वाचलं असंल, मावशे."

म्हातारी उठून चुलीपाशी गेली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, पण ती स्वतः जेवली नाही.

मध्ये पावसाळा गेला. एका दुपारी एक हवालदार घरी आला. फरार आरोपींची चौकशी दरवर्षी करावी लागते म्हणाला.

"तो इकडं कुठं दिसला का तुम्हाला?"

मला हसावं की ओरडावं कळेना. ताई पुढं झाली. म्हणाली, "बसा. सांगते." आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, जेवणाची सुट्टी, बंद मशिनी, तो कुठं उभा होता, ती स्वतः कुठं होती. हवालदाराच्या कागदावर एवढं लिहायला जागा नव्हती. पेन हातात धरून तो नुसता ऐकत राहिला. मैत्रिणीच्या नावाशी ती थांबली. मी पाणी आणायला उठलो, तेवढ्यात तिने ते नाव घेतलं आणि पुढं सांगू लागली.